साठ हजार की आठ हजार?

*प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात महिला बचत गटांना प्रशिक्षण देते. पाटण, जावळीकडच्या गावांत एसटीनेच जाणं-येणं. पाठीवर लॅपटॉप, हातात छोटा प्रोजेक्टर. कधी पंचवीस बायका असतात, कधी साठ-सत्तर. जागा म्हणजे समाजमंदिर नाहीतर शाळेचा हॉल. बँक कर्ज, हिशेब यांवरचे व्हिडिओ दाखवते, पण लॅपटॉपचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नाही. बोलून बोलून घसाही बसतो. मैत्रिणीचा तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर नेऊन पाहिला. पुढच्यांना बरा वाटला, मागच्यांना नीट कळेना. तोच झूमच्या मीटिंगला लावला तर सगळे डबड्यातून बोलल्यासारखे. मुलगा म्हणतो, किमान ४० वॅटचा घे. सुट्टीत कोकणात आणि लेकीकडे बंगळुरूला विमानाने जाताना तोच नेता आला तर बरं. बजेट सहा हजार. काय घेऊ? — एक प्रशिक्षिका, सातारा*

ताई, तुमच्या पत्रात एक वाक्य फार कामाचं आहे : ‘मागच्यांना नीट कळेना’. ऐकू येत नव्हतं असं तुम्ही म्हटलेलं नाही, कळत नव्हतं असं म्हटलंय. स्पीकर विकणारा तुम्हाला पहिल्या गोष्टीचं उत्तर देणार, म्हणजे मोठा आवाज. तुमची अडचण दुसरी आहे.

आवाजातला भरदारपणा खालच्या सुरांतून येतो, तर बोलण्याचा अर्थ बराचसा व्यंजनांतून कळतो आणि ती वरच्या सुरांत असतात. ‘स’चा सुस्कारा तर बराच वर, चार हजार हर्ट्‌झच्याही पुढे पसरलेला. तो हॉलमध्ये हरवला की ‘साठ हजार’चं ‘आठ हजार’ होतं. गाण्यात असा एखादा ‘स’ गेला तर कोणाचं काही बिघडत नाही. कर्जाच्या हप्त्यावरच्या व्हिडिओत बिघडतं. आणि हल्लीचे बहुतेक छोटे स्पीकर गाण्यासाठी, त्यातही धमधमाटासाठी बनवलेले असतात. डब्याच्या दोन्ही टोकांना हलणारे रबरी पडदे दिसतात ना, ते खास त्यासाठीच. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असलेल्या समाजमंदिरात हा धमधमाट घुमतो आणि व्यंजनं खाऊन टाकतो.

आता मुलाच्या ४० वॅटविषयी. त्याचा हेतू चांगला आहे, पण हिशेब तसा चालत नाही. २० वॅटचे ४० वॅट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दसपट. शिवाय खोक्यावर छापलेले वॅट खरे की कागदी, हे बघावं लागतंच. आरएमएस (म्हणजे सतत देता येणारे वॅट) लिहिलेला आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा. पीएमपीओ (म्हणजे क्षणभराच्या उसळीचे वॅट) हा शब्द दिसला तर तो आकडा वाचलाच नाही असं समजा. आपल्याकडे टेपरेकॉर्डरच्या काळापासून या पीएमपीओने लोकांना हजारो वॅट विकलेत.

उलट अंतराचा हिशेब बघा. समजा एखादा छोटा स्पीकर एक मीटरवर ८० डेसिबल देतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. दोन मीटरवर ७४, चार मीटरवर ६८, आठ मीटरवर ६२. हॉलमध्ये चार पंखे फुल स्पीडवर, मागे लहान मुलं, बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर. हा सगळा गोंगाट सहज ५०-५५ डेसिबल भरतो. बोलणं आरामात समजायचं तर ते गोंगाटाच्या १५ डेसिबल तरी वर हवं. म्हणजे ६५ ते ७०. चार मीटरपर्यंत ठीक चाललंय आणि आठ मीटरवर गाडी अडकलीय, हे तुमच्या मैत्रिणीच्या स्पीकरने दाखवलंच आहे. बंद हॉलमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे तो इतका उतरत नाही हे खरं. पण परत येणारा तो आवाज उशिरा येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात.

याचा अर्थ, आठ मीटरवरचा स्पीकर चार मीटरवर आणला की ६ डेसिबल फुकट मिळतात. तेवढेच वॅटने मिळवायचे तर चौपट वॅट लागतील. म्हणून माझा पहिला सल्ला खरेदीचा नाहीच : स्पीकर पडद्याखाली ठेवणं बंद करा. आपण सवयीने तो प्रोजेक्टरच्या टेबलावर नाहीतर पडद्याच्या पायाशी जमिनीवर ठेवतो. बायका सतरंजीवर बसलेल्या असतात. जमिनीवरच्या स्पीकरचा आवाज पहिल्या रांगेच्या गुडघ्यांत आणि पदरांत जिरतो. त्याऐवजी हॉलच्या मध्यावर, बाजूला एक खुर्ची मागवा. त्यावर स्पीकर, तोंड थोडं मागच्या रांगांकडे. जमिनीवर बसलेल्या माणसाचे कान साधारण दोन-सव्वादोन फुटांवर येतात, खुर्चीवरच्या स्पीकरची उंची बरोबर जमते. भिंतीच्या कोपऱ्यात मात्र खुपसू नका, कोपरा धमधमाट आणखी वाढवतो. पुढच्या बायका कुरकुरल्या तर त्यांना तुमचा लॅपटॉप आहे… असं म्हणणार होतो, पण स्पीकर जोडला की लॅपटॉपचा स्वतःचा आवाज बंद होतो. त्यांना मध्यावरचाही व्यवस्थित ऐकू येईल, काळजी नको.

आता स्पीकर लांब गेला म्हणजे जोडायचा कसा? वायरने. हे मी हट्टाने सांगतोय. ब्लूटूथला दहा मीटरचा पल्ला असतो असं म्हणतात, पण तो मोकळ्या जागेतला. त्याच्या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या असतात आणि माणसाचं पाणीदार शरीर त्या शोषून घेतं. साठ बायका मध्ये बसल्या की आवाज तुटायला लागतो. त्यात ब्लूटूथचे इतर त्रास. स्पीकर चालू केला की ‘कनेक्टेड’ अशी इंग्रजीत आरोळी. आधी कधी जोडलेला सहकाऱ्याचा फोन आपोआप जोडला जातो आणि हप्त्याचं गणित चालू असताना त्याच्या व्हॉट्सॲपची टुणटुण हॉलभर. पाच मीटरची ऑक्स वायर (दोन्ही टोकांना हेडफोनसारखी पिन असलेली) काढली की हे सगळं संपतं. वायर सतरंजीखालून न्या, नाहीतर कोणाचा तरी पाय अडकून लॅपटॉप खाली येईल.

पण इथेच गोची आहे. छोट्या स्पीकरांतून ऑक्सचं भोक कंपन्यांनी काढून टाकायला घेतलंय. जेबीएलचंच बघा. गो मालिकेत दुसऱ्या मॉडेलला ते होतं, तिसऱ्याला नाही. फ्लिपमध्ये चौथ्याला होतं, पाचव्यापासून गेलं. गाणी ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, त्यामुळे जाहिरातीत याचा उल्लेख कुठेच सापडणार नाही. काही नव्या स्पीकरांत यूएसबी-सीच्या वायरीतूनच आवाज जातो, तेही चालेल, पण खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. स्पीकरला यूएसबी-सी दिसलं म्हणून गृहीत धरू नका, बहुतेकांत ते फक्त चार्जिंगला असतं. दुकानात जाऊन स्पीकर उलटा करून रबरी झाकण उघडा आणि भोक डोळ्यांनी बघा. ऑनलाइन घेणार असाल तर मागच्या बाजूचा फोटो मोठा करून.

आणि जुनं मॉडेल मिळालं म्हणून नाक मुरडू नका. तुमच्या कामाला गेल्या वर्षीचं ऑक्सवालं मॉडेल यंदाच्या बिनऑक्सच्या मॉडेलपेक्षा सरस.

झूमच्या ‘डबड्या’चं कारण वेगळं आहे आणि त्यात तुमच्या मैत्रिणीच्या स्पीकरचा काही दोष नाही. ब्लूटूथमध्ये आवाजाचे दोन रस्ते असतात. एक फक्त ऐकायचा, चांगल्या दर्जाचा. दुसरा फोनकॉलचा, त्यात ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकाच वेळी कोंबलेलं, म्हणून दर्जा टेलिफोनसारखा. झूमने स्पीकरमधला माईक निवडला की विंडोज मुकाट्याने दुसऱ्या रस्त्याला लागतं. उपाय एक मिनिटाचा : झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माईक म्हणून लॅपटॉपचा माईक निवडा. आवाज बाहेर येण्यासाठी स्पीकरच्या नावाचे दोन पर्याय दिसले तर ‘हँड्स-फ्री’ लिहिलेला सोडून ‘स्टिरिओ’वाला घ्या. आणि वायरने जोडलंत तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

प्रोजेक्टर एचडीएमआयने जोडल्यावर आवाज कधीकधी गायब होतो, तेही घाबरण्यासारखं नाही. लॅपटॉपने तो प्रोजेक्टरकडे वळवलेला असतो. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून परत आपल्या स्पीकरकडे वळवायचा. तसंच स्पीकर चार्जिंगला लॅपटॉपलाच लावून त्याच लॅपटॉपची ऑक्स वायर जोडली तर घूंऽऽ किंवा किर्र असा आवाज येऊ शकतो. चार्जिंगची वायर काढा, बहुतेक वेळा तो जातो. स्पीकर आदल्या रात्री चार्ज करून न्यावा हे बरं. गावात लाइट असेलच याची खात्री कोण देणार?

आता घसा. हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो या स्पीकरने सुटणार नाही, कारण साध्या ब्लूटूथ स्पीकरला माईकची पिन लावायची सोयच नसते. दुकानदार सांगेल, ‘मोबाईलवर माईकचं ॲप टाका, ब्लूटूथने जोडा, झालं.’ झालं नाही. ब्लूटूथवरून आवाज पोहोचायला साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात. व्हिडिओ चालवणारी ॲप बरेचदा चित्र तेवढं मागे ठेवून हे झाकतात. तुमच्या तोंडाला मागे कसं ठेवणार? स्वतःचं बोलणं एवढ्या उशिराने कानावर आलं की चांगला वक्ताही अडखळतो. एकदा घरी करून बघा, गंमत म्हणून.

त्यापेक्षा कमरेला लावायचा छोटा व्हॉइस ॲम्प्लिफायर घ्या. क्लासवाले सर, देवस्थानांतले गाइड वापरतात तो. कानामागून गालाशी येणारा माईक आणि पट्ट्याला अडकवलेला डबा, दोन-अडीच हजारांच्या आसपास बरे मिळतात. त्याचा आवाज थोडा नाकातून आल्यासारखा असतो, गाण्याला अगदी टाकाऊ, पण बोलण्याला स्वच्छ. म्हणूनच तो मागच्या रांगेपर्यंत कळतो. माईक तोंडासमोर धरू नका, ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फटाके वाजत नाहीत. शिट्टी वाजली तर माईक आणि डबा एकमेकांसमोर आलेत एवढंच, आवाज जरा उतरवा किंवा अंग वळवा. थोडे पैसे जास्त टाकायची तयारी असेल तर यूएचएफ वायरलेस माईकवाला बघा. त्यात ब्लूटूथसारखा उशीर जाणवत नाही आणि डबा मध्यावरच्या खुर्चीवर ठेवता येतो.

यातल्या बऱ्याच डब्यांना ऑक्सही असतं. म्हणजे फक्त प्रशिक्षणाचाच विचार केला तर तो एकटाच पुरेल : तुमचा आवाज त्यातून, व्हिडिओचा आवाजही त्यातून. मी तुमच्या जागी असतो तर आधी हाच घेतला असता, दोन-तीन गावांत वापरून बघितला असता, आणि मगच उरलेल्या पैशांतून दुसरा स्पीकर घ्यायचा की नाही ते ठरवलं असतं. सहा हजारांतला एकच स्पीकर गाण्याला गोड, हॉलला पुरेसा, माईकवाला आणि एसटीत मांडीवर मावणारा असा शोधत बसलात तर ट्रॉली स्पीकरशी येऊन थांबाल. त्याला चाकं असतात, दिवे असतात, कॅराओकेचा माईक असतो. वजन मात्र पाटणच्या स्टँडवर कळतं.

दुसरा घ्यायचं ठरलं तर साडेतीन हजारांच्या आत, पाचशे ते सातशे ग्रॅमचा, खरे १०-२० वॅट, ऑक्स असलेला. दुकानात जाताना तुमचाच कर्जाचा व्हिडिओ फोनवर घेऊन जा. दुकानदार त्याचं ठरलेलं गाणं लावेल, ज्यात प्रत्येक स्पीकर छान वाजतो. ते नम्रपणे थांबवा. आपला व्हिडिओ लावा, आवाज पूर्ण करा आणि दहा पावलं मागे जाऊन पाठ फिरवून उभ्या राहा. एसी दुकानात नाही, शक्यतो दाराबाहेर, जिथे रिक्षा जातायत. आकडे ऐका. साठ, सात, आठ, पाच वेगवेगळे कळले की पास. मग थोडं बाजूला सरकून परत ऐका, कारण काही स्पीकर समोर छान असतात आणि तिरक्यात बसलेल्याला त्यांचा ‘स’ मिळतच नाही. पूर्ण आवाजावर फाटत असेल तर तो ठेवून द्या. खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे ना तेही बघा, भारतात ब्लूटूथ स्पीकरना ते सक्तीचं आहे.

बॅटरीचे तास खोक्यावर बारा लिहिलेले असले तरी ते साधारण अर्ध्या आवाजाचे असतात. पूर्ण आवाजावर त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी धरा, तेही बहुधा दोन सत्रांना पुरतात. जास्त त्रास देतो तो आपोआप बंद होण्याचा गुण. तुमच्या चर्चा वीस-वीस मिनिटं चालत असतील. तेवढ्यात आवाज आला नाही म्हणून स्पीकर झोपी जातो आणि पुढचा व्हिडिओ मुका सुरू होतो. क्लिप लावायच्या आधी स्पीकरच्या दिव्याकडे एक नजर टाकायची सवय लावा.

शंभराच्या वर बायका येणार असतील तेव्हा मात्र यातलं काहीच नेऊ नका. गावात मंडपवाला असतो, त्याच्याकडे साउंड असतो, भाड्याने सांगायचा. तुमच्या पिशवीत फक्त एक वायर हवी : एका टोकाला मोबाईलच्या हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना. हेडफोनच्या पिनेवर मोठ्या पिनेचं कन्व्हर्टर चढवून ती थेट माईकच्या भोकात घुसवायची सवय अनेकांना आहे. काही मिक्सरमध्ये त्याने चमत्कारिक प्रकार होतो : व्हिडिओतलं मागचं संगीत ऐकू येतं, बोलणारी बाई गायब! तो मिक्सर डाव्या आवाजातून उजवा वजा करतो आणि बोलणं दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे वजाबाकीत शून्य उरतं. व्हिडिओ बिघडला म्हणून लॅपटॉपशी झटापट करू नका. आरसीए वायर लावा, बाई परत येते.

कोकणासाठी घेताना आयपी६७ बघा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा : ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आयपीएक्स७ लिहिलं असेल तर पाण्याची हमी आहे, धुळीची चाचणी सांगितलेली नाही, आणि किनाऱ्यावर खरा शत्रू वाळूच. ही चाचणी गोड्या पाण्यातली असते. समुद्राचं पाणी लागलं तर साध्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या, मगच चार्जिंगचं झाकण उघडा. ऑक्सवाल्या स्वस्त स्पीकरला आयपी६७ मिळणं अवघड आहे. दोन्हीतलं एक सोडायची वेळ आली तर ऑक्स ठेवा आणि समुद्रावर स्पीकर पिशवीतच राहू द्या. तिथे लाटा आहेत ऐकायला.

विमानाचं सोपं आहे. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सोबत नेता येते. स्पीकरची किती ते असं काढा : एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले हजार. ३००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट असेल तर ११ वॅट-तास, म्हणजे मर्यादेच्या खूपच खाली. तरी स्पीकर केबिनच्या पिशवीत ठेवा, बंद करून. सामानात दाबला जाऊन मध्येच चालू झाला तर बॅटरी संपेल आणि वर उगाच चौकशी. पॉवर बँक मात्र चेक-इनच्या बॅगेत अजिबात चालत नाही, ती हातातल्या पिशवीतच. व्हॉइस ॲम्प्लिफायर नेलात तर त्याचा माईक काढून वेगळा गुंडाळा. त्या गालावरच्या तारेची मान फार नाजूक असते आणि सुटा माईक तालुक्याच्या दुकानात पटकन मिळत नाही. घेतानाच एक जास्तीचा मागून ठेवा.